पटरची ग्रिप न कापता काढून देण्याचे पैसे घेतले आणि ग्रिप निकामी करून परत पाठवली, त्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
गोल्फ साहित्य विक्री व दुरुस्ती

महोदय,

मी मडगावला राहतो. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर मी आपल्याकडून नवा पटर, म्हणजे चेंडू हलकेच होलकडे लोटायची गोल्फची काठी, विकत घेतला. त्याच ऑर्डरमध्ये माझ्या जुन्या पटरची ग्रिप, म्हणजे मुठीचे आवरण, न कापता काढून नव्या पटरवर बसवण्याचे कामही दिले. आपल्या बिलावर या कामाची वेगळी ओळ आहे आणि तिच्यासमोर वेगळी रक्कम आहे. नुसती जुनी ग्रिप कापून नवी चढवण्यापेक्षा ही रक्कम बरीच जास्त आहे. ती मी कुरकुर न करता भरली, कारण मला ग्रिप वाचवायची होती.

ती का वाचवायची होती तेही सांगतो, म्हणजे नुकसान किती आहे ते आपल्या लक्षात येईल. माझ्या उजव्या हाताच्या बोटांना संधिवात आहे. बारीक ग्रिप घट्ट आवळावी लागते आणि चार-पाच होल झाले की बोटे मिटत नाहीत. ही जाड, हलकी, आत फोम आणि वर पॉलियुरेथेनचे आवरण असलेली ग्रिप नुसती तळव्यात टेकवून धरली तरी पुरते. समोरच्या चपट्या बाजूवर दोन्ही अंगठे सपाट बसतात, मनगट मुरडत नाही. हे मॉडेल आता निघत नाही. निघत असते तर मी नवेच मागवले असते.

गोव्यात गोल्फ खेळणारे आम्ही मोजके आणि मैदानेही मोजकीच. काणकोणात राजबागेला नऊ होलचे मैदान आहे, बाणावलीला एका हॉटेलच्या आवारात छोटे आहे. ग्रिपच्या कामासाठी आमच्यासारख्यांना कुरियरने वस्तू बाहेरगावी पाठवावी लागते. वस्तू डोळ्यांआड जाते, काम कसे झाले ते पाहता येत नाही. अशा वेळी ग्राहकाजवळ विश्वासाशिवाय दुसरे काही नसते.

आता परत काय आले ते सांगतो. खोका उघडताच थिनरचा उग्र दर्प आला. ग्रिपच्या चपट्या बाजूवर, नेमका अंगठा येतो तिथे, सुईची भोके एका रांगेत आहेत. खालचे तोंड शिवणीच्या रेषेत नखभर फाटले आहे आणि ती चीर झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडली आहे. गोंद वाळून पांढरा पडला आहे, बोट फिरवले की टोचतो. भोकांच्या आजूबाजूचे आवरण फुगले आहे, अंगठा दाबला तर ठसा राहतो आणि उचलताना चिकटतो. शिवाय ग्रिप फिरलेली बसवली आहे. पटरचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, नेमाच्या रेषेला काटकोनात ठेवला तर ग्रिपची चपटी बाजू डावीकडे वळते, आणि चपटी बाजू सरळ केली तर फेस उजवीकडे वळतो. ज्या ग्रिपची एक बाजू मुद्दाम सपाट केलेली असते तिच्यात एवढी एकच गोष्ट सांभाळायची असते. नियमांनी गोल नसलेल्या ग्रिपची मुभा फक्त पटरला दिली आहे, ती याच उपयोगासाठी.

मी तक्रार केली तेव्हा आपल्या प्रतिनिधीने फोनवर आधी सांगितले की जुनी ग्रिप काढताना खराब होतेच. दुसऱ्या फोनवर सांगितले की गोव्याच्या दमट हवेने ग्रिप आधीच सडली होती. ही दोन्ही उत्तरे मला मान्य नाहीत. का नाहीत ते सविस्तर लिहितो.

दमट हवेचे आधी घेऊ. पॉलियुरेथेन वर्षानुवर्षे दमट जागी पडून राहिले तर चिकट होते, हे खरे आहे. कपाटात ठेवलेल्या बुटांचे तळवे पावसाळ्यात सुटून येतात ते त्यामुळेच. पण हवेने खराब झालेले आवरण सगळीकडे सारखे चिकटते. माझ्या ग्रिपवर चिकटपणा फक्त सुईच्या भोकांभोवती आणि खालच्या तोंडाशी आहे. ग्रिपच्या वरच्या टोकाला असलेल्या टोपीजवळचा भाग आजही कोरडा आणि घट्ट आहे. म्हणजे जिथे द्रावण पोचले तिथेच आवरण बिघडले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माल हाती येताच आपल्याच वर्कशॉपने ग्रिपचे फोटो काढून मला व्हॉट्सअॅपवर पाठवले होते आणि खाली ‘स्थिती चांगली, काम करता येईल’ असे लिहिले होते. ते फोटो माझ्याकडे आहेत. त्यांत ना भोक आहे, ना चीर.

वासावरून आणि फुगलेल्या आवरणावरून मला खात्री वाटते की आपल्या कारागिराने रंगकामाचे एनसी थिनर वापरले. त्यात टोल्युईन, अॅसिटोन यांसारखी तीव्र द्रावणे असतात. ग्रिप ज्या टेपने काठीवर चिकटवतात त्या टेपचा गोंद ती झटकन सोडवतात, पण पॉलियुरेथेन आणि आतला फोमही फुगवतात. या कामाला साधे मिनरल टर्पेंटाइन पुरते. तेसुद्धा बेताने वापरायचे आणि ग्रिप सुटली की पुसून, वाळवून टाकायचे. दुकानात थिनर जवळ होते म्हणून तेच घेतले, असे झाले असेल तर तो निष्काळजीपणा आहे.

सुईची पद्धत चुकीची आहे असे मी म्हणत नाही. जाड रबराच्या ग्रिपमध्ये बारीक सुई तिरपी घालून ती स्टीलच्या शाफ्टलगत, म्हणजे काठीच्या दांड्यालगत, सरकवतात, टेपवर द्रावण सोडतात, आणि रबराचे भोक आपोआप मिटते. फोमवरचे पातळ आवरण मिटत नाही. तिथे सुई घालायचीच असेल तर ती मागच्या बाजूने घालावी, जिथे बोटांखाली भोक लपते. आपल्या माणसाने ती अंगठ्याच्या जागी घातली.

जुनी ग्रिप खराब न होता निघतच नाही, हा दावा तर मी स्वतःच्या डोळ्यांनी खोटा ठरताना पाहिला आहे. माझ्या भाच्याचे वेर्ण्याला गॅरेज आहे. त्याने गोल्फ कधी खेळलेले नाही. आपल्याकडून आलेली ग्रिप त्याला दाखवली तेव्हा तो म्हणाला, “मामा, वरच्या टोपीला भोक आहे ना, मग हवेवर निघायला हवी.” घरात अशाच फोमच्या ग्रिपचा आणखी एक जुना पटर होता, तो घेऊन गेलो.

भाच्याने शाफ्ट मऊ फडक्यात गुंडाळून वाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या पकडीत, हलका धरला. टोपीच्या भोकातून थोडे टर्पेंटाइन सोडले. बसवताना टेपचे टोक शाफ्टच्या तोंडावर दुमडलेले असते, म्हणून टर्पेंटाइन शाफ्टच्या पोकळीत न जाता कडेने टेपवर उतरते. मग कंप्रेसरच्या नळीला रबरी निमुळते टोक लावून ते भोकावर दाबले आणि कमी दाबापासून सुरुवात केली. दुसऱ्या हाताने त्याने ग्रिप भोवतालून धरून ठेवली होती, कारण मोकळी सोडली तर फोम एका जागी फुग्यासारखा फुगून फाटतो. हवेने टर्पेंटाइन खाली ढकलले. खालच्या तोंडाशी थेंब दिसले तेव्हा ते आत सगळीकडे पोचल्याचे कळले. क्षणभर ग्रिप हाताखाली किंचित जाड झाली आणि हवेच्या थरावर वर सरकू लागली. पिळणे नाही, ओढाताण नाही. डोळ्यांवर चष्मा होता, जवळ आग नव्हती, आणि ग्रिप सुटून उडेल त्या दिशेला कोणी उभे नव्हते. ग्रिप अखंड निघाली. आत राहिलेला टेपचा चिकटा त्याने काठीला गुंडाळलेल्या फडक्याने पुसला आणि सावलीत वाळत ठेवली.

बसवतानाही त्याने तितकीच काळजी घेतली. शाफ्टवरची जुनी टेप नखाला लागणार नाही इतकी खरवडून काढली, कारण तिचा एक तुकडा जरी राहिला तर वरून उंचवटा जाणवतो. वापरलेली ग्रिप आतून जरा सैल पडते, म्हणून टेपचा थर एक वाढवला. पटरचा शाफ्ट वरच्या टोकाला साधारण ०.५८० किंवा ०.६०० इंच जाड असतो. जुन्या आणि नव्या शाफ्टची जाडी कॅलिपरने मोजून बघायला मिनिटही लागत नाही. टर्पेंटाइन ओले असतानाच फेस जमिनीवर टेकवून, वरून बघत चपटी बाजू सरळ केली आणि रात्रभर हात लावला नाही. तो पटर मी आज वापरतो. ग्रिप हलत नाही, फिरत नाही.

कंप्रेसर, टर्पेंटाइन आणि थोडा धीर एवढ्यावर जे गॅरेजमध्ये झाले ते आपल्यासारख्या याच व्यवसायातल्या कंपनीला का जमू नये? आणि एखादी ग्रिप खरोखरच निघणार नाही असे कारागिराला वाटले, तर त्याने हात लावण्यापूर्वी मला फोन करायला हवा होता. मी पटर तसाच परत मागवला असता. आपल्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘जुन्या ग्रिपची जबाबदारी ग्राहकाची’ असे छापले आहे, पण ते बिल काम झाल्यावर खोक्यातून आले. ऑर्डर घेताना ही अट मला कोणी दाखवली नाही. ग्रिप वाचवण्याचे जादा पैसे घ्यायचे आणि ती वाचली नाही तर जबाबदारी ग्राहकाची म्हणायचे, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

दुसऱ्या फोनवर आपण नव्या ग्रिपवर सवलत देऊ केली होती. ती मी नाकारली आहे आणि आजही नाकारतो. माझे नुकसान आपण केले आहे, मी पुन्हा खरेदी का करावी?

माझे म्हणणे असे. ग्रिप काढून बसवण्याचे पूर्ण पैसे आणि दोन्ही बाजूंचा कुरियर खर्च परत करावा. त्याच मॉडेलची न वापरलेली ग्रिप आपल्या किंवा पुरवठादाराच्या साठ्यात असेल तर ती द्यावी. नसेल तर तेवढ्याच जाडीची, तशाच चपट्या बाजूची ग्रिप मी निवडेन, ती विनामूल्य आणि सरळ बसवून द्यावी. कोणते द्रावण आणि कोणती पद्धत वापरली ते लेखी कळवावे. यापुढे हे काम घेताना पद्धत आणि धोका ग्राहकाला पैसे घेण्याआधी लेखी सांगावा, असेही मी आग्रहाने मागतो. माझ्यासारखी हाताची दुखणी असलेली कितीतरी ज्येष्ठ माणसे एखादीच ग्रिप जपून वापरतात.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाईन. कामातला निष्काळजीपणा या कायद्याच्या कलम २(११) प्रमाणे सेवेतील त्रुटीत येतो. आणि कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे मला आपल्या शहरात येण्याची गरज नाही. दक्षिण गोव्याचा आयोग मडगावातच आहे.

खराब झालेली ग्रिप मी पटरवरून काढलेली नाही. आपला माणूस तपासायला आला तर जशीच्या तशी दाखवीन.

कळावे,
आपला ग्राहक,
मडगाव, गोवा

(नाव, पत्ता आणि फोन क्रमांक बिलावर आहेत. सोबत बिलाची प्रत, आपल्या वर्कशॉपने पाठवलेले आधीचे फोटो आणि परत आलेल्या ग्रिपचे फोटो जोडले आहेत.)