पानाची पाठही छापा

संपादक महोदय,

पावसाळी भटकंतीच्या मजकुरासोबत रानफुलांचे फोटो भरपूर येतात, त्यांची पाने मात्र क्वचितच दिसतात. सह्याद्रीच्या जंगलातली कित्येक फुले थोड्या दिवसांत आटोपतात, पाने टिकतात. भुईचाफा उन्हाळ्यात पानांआधीच फुलून जातो. एकपानी या जमिनीवर उगवणाऱ्या ऑर्किडचेही आधी फूल, मग जमिनीलगत एकुलते एक पान. ऐन पावसात तिथे पोचणाऱ्याला ओळखायला पानच उरते. म्हणून फुलासोबत पानाचे दोन फोटो छापावेत, एक वरून आणि एक पाठीकडून.

पाठ हवीच, कारण भुईचाफ्याच्या पानावर वरून फिकट रुपेरी नक्षी असते, तर पाठ जांभळी असते. नुसत्या वरच्या फोटोवरून तो हळदीच्या कुळातला कोणीही वाटू शकतो. त्याच कुळातल्या, हळदीसारख्या दिसणाऱ्या कचोऱ्याची खूण पाठीवर नव्हे, मधल्या शिरेलगत असते: जांभळट पट्टा. पान जून झाले की तो फिकटतो, तेव्हा बुंध्यातले नवे पान बघावे. पट्टा दिसला तर पुरावा भक्कम. नाही दिसला म्हणून लगेच ‘रानहळद’ लिहून मोकळे होऊ नये.

रुपेरी रंगाची शहानिशा अंगठ्याने होते. चोळल्यावर निघून गेला तर तो मेणाचा थर, मखमली लागला तर लव. पेव या रानवनस्पतीच्या पानाची पाठ अशीच लवेमुळे चकाकते. चोळूनही तसाच राहिला तर बहुधा वरच्या सालीखाली हवेची पोकळी असते. ओले पान आधी पुसून घ्यावे, नाहीतर मेणाचा थर नीट दिसतच नाही.

कोवळी पाने पुष्कळ जातींत तांबूस असतात, त्या रंगावर ओळख बेतू नये. खालची जुनी पाने तेवढी जांभळी पडली असतील तर जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कमी असण्याची शक्यता असते. हिरव्या-पिवळ्या ठिगळांसोबत पान आक्रसले असेल तर विषाणूचा संशय घ्यावा. त्याच जातीची आसपासची चार-पाच रोपे पाहिली की बराच उलगडा होतो, कारण जातीची नक्षी बहुतेकांवर सारखी येते आणि रोगाची कशीही. एकपानी मात्र इथेही चकवते: एकाच जातीची पाने हिरवीही सापडतात आणि जांभळटही.

फोटो काढताना पानाशेजारी पांढरा कागद ठेवावा, फ्लॅश बंद करावा. झाडोऱ्याखालचा उजेड मुळातच हिरवट, त्यात मोबाइल स्वतःच्या मनाने रंग दुरुस्त करतो. कागद असला की चूक पकडता येते. रंगीत छत्रीखाली तर फोटो काढूच नये. छत्रीचा रंग पानावर उतरतो आणि मग ‘दुर्मिळ लाल पानाची जात’ गावभर फिरते.

देठावरच्या ठिपक्यांबाबत सर्वाधिक सावधगिरी हवी. शेवळा आणि सापकांदा या सुरणाच्या कुळातल्या वनस्पती, दोघांचेही देठ चट्ट्यापट्ट्यांचे असतात. फरक पानाच्या विभागणीत: शेवळ्याच्या देठाचे टोकाला तीन फाटे होतात आणि तेही पुढे विभागतात, पांढऱ्या सापकांद्याच्या पर्णिका (पानाचे सुटे भाग) छत्रीच्या काड्यांसारख्या एकाच बिंदूतून निघतात. दोन्हींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तोंडाला आणि घशाला भयंकर खाज सुटते. शेवळ्याची भाजी करतात हे खरे, पण आंबट घालून, नीट शिजवून आणि ओळखणाऱ्याने आणून दिलेली. देठावरचे ठिपके बघून रानातून काहीही खुडून आणू नये.

आपले,
रानफुलांचे काही अभ्यासक