‘पेल’ एक नव्हे, दोन शब्द

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘बियॉन्ड द पेल’ या इंग्रजी वाक्प्रचाराचं मराठी ‘फिकटपणाच्या पलीकडे’ असं झालं की वाक्यातला अर्थच निघून जातो. ही चूक होते कोशातली पहिलीच नोंद पाहून थांबल्यामुळे. स्पेलिंग एक, उच्चार एक, पण इंग्रजीत ‘पेल’ हे दोन वेगळ्या कुळांतले शब्द आहेत. चांगल्या कोशात त्यांच्या नोंदीही वेगळ्या असतात.

पहिला रंगाचा. लॅटिनमध्ये ‘पालेरे’ म्हणजे फिकं पडणं. त्यावरून ‘पालिदुस’ झालं आणि जुन्या फ्रेंचमधून हा शब्द १३००च्या सुमारास इंग्रजीत आला. ‘अपॉल’ हे क्रियापद याच घरातलं. त्याचा जुना अर्थ पांढरं पडणं, आजचा हादरवून टाकणं. भीतीने चेहऱ्याचं जे होतं तेच त्या शब्दात साठलं आहे. मूळ धातू तर आपल्याही ओळखीचा आहे. पिकलेल्या केसांना संस्कृतात ‘पलित’ म्हणतात, ते याच धातूचं. ग्रीकमधलं ‘पोलिओस’ म्हणजे करडा हेही त्याचंच. मज्जारज्जूच्या करड्या भागाला सूज येते म्हणून रोगाचं नाव पोलिओमायलायटिस, आणि आपण रोज म्हणतो तो ‘पोलिओ’ त्याचाच तुकडा. इंग्रजी ज्या जर्मॅनिक भाषाशाखेत येते, तिच्यात ‘प’चा ‘फ’ झाला, जसा ‘पितृ’समोर ‘फादर’. तिथे या धातूचा ‘फॅलो’ झाला. ‘फॅलो डिअर’ हे हरणाचं नाव त्याच्या पिवळट तपकिरी रंगावरून पडलं. पडीक जमिनीचा ‘फॅलो’ मात्र मुळात निराळा. जुळ्या शब्दांचा घोळ इथेही आहेच.

दुसऱ्या ‘पेल’चा रंगाशी काडीचा संबंध नाही. लॅटिन ‘पालुस’ म्हणजे जमिनीत ठोकलेला खुंट. ‘पोल’, ‘पॅलिसेड’, ‘इम्पेल’ (शूळावर चढवणे) हे सगळे त्याचे नातलग. खुंटांचं कुंपण, मग कुंपणाच्या आतला मुलूख, मग मर्यादा, असा अर्थ सरकत गेला. आयर्लंडमध्ये डब्लिनभोवतीच्या इंग्रजी अमलाखालच्या प्रदेशाला ‘पेल’ म्हणत. रशियन साम्राज्यात १७९१पासून १९१७पर्यंत ज्यूंना ज्या पट्ट्यातच राहण्याची मुभा होती, त्यालाही इंग्रजीत ‘पेल ऑफ सेटलमेंट’ म्हणतात. वाक्प्रचार आयर्लंडमधूनच निघाला असं ठामपणे सांगितलं जातं, पण त्याला जुन्या लेखनाचा आधार नाही. ‘मर्यादा’ हा सर्वसाधारण अर्थ त्यासाठी पुरेसा आहे. म्हणून ‘बियॉन्ड द पेल’ म्हणजे ‘मर्यादा ओलांडलेलं’, प्रसंगी ‘अक्षम्य’.

ओळखायची खूण सोपी आहे. मागे ‘द’ आणि त्याआधी ‘विदिन’ किंवा ‘बियॉन्ड’ असेल तर कुंपण. पुढे रंग, चेहरा, उजेड असेल तर फिकट. क्रियापद असेल आणि मागोमाग ‘बिसाइड’ किंवा ‘बिफोर’ आलं, तर आपलं ‘फिकं पडणे’ चपखल बसतं.

पण रंगाच्या ‘पेल’लाही दर वेळी ‘फिकट’ लावून भागत नाही. घाबरलेला चेहरा पांढराफटक, आजारी माणसाचा निस्तेज. ‘पेल स्किन’ला सरसकट ‘गोरी’ म्हणणं चूक, कारण त्या शब्दात बहुधा रक्त कमी असल्याची छटा असते. डॉक्टर खालची पापणी ओढून आतला भाग बघतात तो हाच फिकटपणा. शिवाय हा शब्द तुलनेचा आहे. ‘पेल एल’ ही बिअर तांबूस असते, तरी कोकच्या (दगडी कोळशापासून केलेल्या इंधनाच्या) आचेवर वाळवलेल्या माल्टमुळे, म्हणजे मोड आणलेल्या धान्यामुळे, जुन्या गडद बिअरपेक्षा उजळ दिसे, म्हणून ती ‘पेल’. रंगकामात ‘लाइट’ आणि ‘पेल’ एक मानू नयेत. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने १९५५ साली छापलेल्या रंगनामांच्या कोशात दोन्ही उजळच आहेत, पण ‘पेल’मध्ये रंगाचा जोर कमी धरला आहे. तेव्हा ‘लाइट ब्लू’ला उजळ निळा आणि ‘पेल ब्लू’ला फिकट निळा म्हणावं.

आपला,
एक कोशप्रेमी वाचक