रायटर म्हणून जाशील तेव्हा

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद. टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, दृष्टिहीन ताईची परीक्षेत रायटर (ती सांगेल ते लिहिणारी लेखनिक) व्हायला तू हो म्हणालीस, फार बरं वाटलं. पण नुसतं अक्षर चांगलं असून भागत नाही, म्हणून हे पत्र. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार परीक्षार्थीनं स्वतः आणलेला लेखनिक त्याच्याहून कमी शिकलेला लागतो. तू एफवायला, पहिल्या वर्षाला, तेव्हा ती अडचण नाही. तासाला किमान २० मिनिटं वाढीव मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. तुलाही तेवढंच बसायचंय, नीट खाऊन जा.

आदल्या दिवशी तिला भेट. ती किती वेगानं सांगते, नवा परिच्छेद कसा सांगते, आकडे अंकात लिहायचे की अक्षरात, हे ठरवा आणि पाच-दहा ओळी लिहूनच बघा.

प्रश्नपत्रिका हातात आली की आधी पूर्ण वाचून दाखव, मागच्या पानासकट. सूचना, गुण, 'कोणतेही तीन', दोन प्रश्नांमधला 'किंवा', सगळं. तो 'किंवा' सुटला की ती दोन्ही उत्तरं सांगत बसते आणि शेवटचा प्रश्न राहून जातो. एका सुरात वाच. पर्याय वाचताना बरोबर उत्तरावर आवाज जरा जरी चढला, तरी ते उत्तर सांगणंच झालं. ती चुकीचं सांगत असेल तर चुकीचंच लिही. 'नक्की ना?' एवढंसुद्धा म्हणू नकोस. त्यानं तिच्या कष्टाच्या मार्कांवर संशय येतो. विशेषनामाचं स्पेलिंग मात्र विचारून घे. पाचव्यांदा 'पुन्हा वाच' म्हणाली तरी पहिल्यासारखंच वाच. आपण वरची ओळ सहज पुन्हा बघतो, तिला ती तुझ्या आवाजातूनच बघावी लागते. दर अर्ध्या तासाला वेळ सांग.

वर्गापर्यंत नेताना मनगट धरून ओढू नकोस, मागून ढकलू नकोस, पांढऱ्या काठीला हात लावू नकोस. 'मी सई. हात धरतेस का?' असं विचार. हो म्हणाली तर तुझ्या हाताची मागची बाजू तिच्या हाताला हलकेच लाव. ती तुझा हात कोपराच्या जरा वर धरेल आणि अर्धं पाऊल मागे चालेल. मग तू वळलीस, थांबलीस, पायरी उतरलीस की तुझ्या हातावरून तिला आधीच कळतं. मागून ढकललं तर खड्ड्यात पहिला पाय तिचा पडतो. जिन्यापाशी क्षणभर थांब, चढायचंय की उतरायचंय ते सांग, शेवटची पायरीही सांग. अरुंद जागी तोच हात आपल्या पाठीमागे घे, ती तुझ्या मागोमाग येईल. खांदे दाबून बसवू नकोस. तिचा हात बाकाच्या पाठीवर ठेव, पुढचं तिला येतं. आणि 'नको, मी येते' म्हणाली तर आग्रह करू नकोस.

'बघितलंस का' म्हणायला बिचकू नकोस, तीही सर्रास म्हणते. पर्यवेक्षकांनी तुलाच विचारलं, 'हिचा सीट नंबर काय?', तर 'ती सांगेल' म्हण. ती समोर बसलेली असताना तिच्याबद्दल तिसऱ्याला विचारलेलं तिला ऐकू येतंच की.

एकत्र जेवायला बसलात तर ताट सांग. आपल्या वाढण्याच्या पद्धतीत हे सोपं आहे: चटणी, लोणचं, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. मेसमध्ये मात्र कुठेही काहीही वाढतात, तिथे ताटाला घड्याळाची तबकडी समजून सांग: भात सहावर, आमटीची वाटी दोनवर, पोळी नऊवर. पेला काठोकाठ भरू नकोस आणि एकदा सांगितल्यावर त्याची जागा बदलू नकोस.

उठताना 'निघते गं' म्हणूनच नीघ. न सांगता गेलीस तर ती रिकाम्या खुर्चीशी बोलत राहते. बाहेर थांबायचं असेल तर तिला मोकळ्यात उभं करू नकोस. भिंत, खांब, कठडा असं काहीतरी हाताशी असू दे. रिक्षात बसताना रिक्षाचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते सांग आणि तिचा हात दांड्यावर ठेव.

निळी बॉलपेनं तीन ने. पहिला पेपर झाला की फोन कर.

तुझी,
आई