विषय: ‘अस्सल’ म्हणून पाठवलेल्या ली-एनफिल्ड रायफलच्या लाकडी व पितळी भागांबाबत तक्रार

दापोली, जि. रत्नागिरी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

स.न.वि.वि.

आमच्या संग्रहालयातील नं. १ मार्क ३* या ब्रिटिश लष्करी नमुन्याची रायफल निकामी करून प्रमाणपत्र घेतलेली आहे. दस्त्याच्या सॉकेटवर उजवीकडे मुकुट, जीआर (राजा जॉर्जची आद्याक्षरे), एनफिल्ड (इंग्लंडमधला कारखाना) आणि १९१७ हे ठसे आहेत. त्यांचे व नंबरचे फोटो मागणीसोबत पाठवले होते. नळी, बोल्ट वगैरे काहीच मागितले नव्हते. मागितले ते लाकूड आणि पितळ. तेही धड आलेले नाही.

मुख्य तक्रार फोर-एंडची, म्हणजे नळीखालच्या लांब लाकडाची. बॉडीच्या पुढच्या भागाखाली त्याला आडवे आरपार भोक आहे. ही जागा इशापूरच्या (बंगालमधल्या रायफल कारखान्याच्या) आडव्या स्क्रूची. लाकूड फुटू नये म्हणून तो भारतात घालत. म्हणजे हे लाकूड इशापूरचे, नाहीतर तिथे दुरुस्त झालेले. ते वाईट नाही, उलट मजबूतच; पण पावतीवर ‘१९१७ एनफिल्ड, अस्सल’ असे लिहिले आहे. डावीकडे व्हॉली साइटची (लांब पल्ल्याच्या सामूहिक गोळीबारासाठीच्या नेम-पट्टीची) खाच तुकडा बसवून बुजवली आहे. ती साइट मार्क ३ ची, ३* मध्ये गाळलेली. तरी युद्धाच्या घाईत जुने लाकूड ३* ला बसतच असे, त्यामुळे नुसत्या खाचेवर आम्ही हरकत घेतली नसती.

हरकत आहे ती नंबरवर. टोकाजवळ खालच्या अंगाला जुना नंबर घासून आमच्याच रायफलचा नंबर नव्याने ठोकला आहे. आकड्यांच्या कडा बोटाला लागतात आणि ठशाचा तळ पांढुरका आहे. वर्षानुवर्षे तेल प्यालेल्या लाकडात ठशाचा तळही काळवंडतो. वेगळ्या नंबरचा भाग आम्ही तसा नोंदवून लावला असता. खोटा नंबर मात्र संग्रहालयाची नोंदवहीच बाद करतो.

ट्रिगर-गार्डच्या पुढच्या स्क्रूभोवतीची लोखंडी कॉलर आलेलीच नाही. तिच्याविना स्क्रू आवळला की लाकूड चेपत जाते.

दस्ता साध्या लांबीचा मागवला होता. आला तो माथ्यावर ‘एस’ ठोकलेला, अर्धा इंच आखूड. पितळी म्हणून पाठवलेल्या बट-प्लेटला, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पट्टीला, लोहचुंबक चिकटतो. भांडी घेणारी आमच्याकडची बाईदेखील पितळ एवढे तपासून घेते.

सोबतच्या माहितीपत्रकात ‘आधी दस्त्याचा बोल्ट सोडवा’ असे छापले आहे. ते ताबडतोब मागे घ्यावे. या मॉडेलमध्ये दस्ता जोडणाऱ्या या बोल्टचे चौकोनी टोक फोर-एंडच्या मागच्या पट्टीत अडकलेले असते. फोर-एंड न उतरवता बोल्ट फिरवला तर लाकूड मागून चिरते. नोज-कॅप (पुढच्या टोकाची धातूची टोपी), मधला बँड, ट्रिगर-गार्ड, मग फोर-एंड आणि सगळ्यात शेवटी दस्ता, असाच क्रम हवा.

लाकडावर चकचकीत वार्निश आहे. मूळ लेप कच्च्या जवस तेलाचा. इथल्या पावसाळ्यात स्क्रूच्या भोकांतून शिरलेली ओल वार्निशखाली कोंडते आणि लाकडाला टेकलेले लोखंड आतून गंजते.

संपूर्ण रक्कम व परतीचे भाडे पंधरा दिवसांत मिळावे. बदली माल नको. खोट्या नंबरबाबत लेखी खुलासा द्यावा. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू. फोटो सोबत जोडले आहेत. खुलासा येईपर्यंत फोर-एंड परत पाठवणार नाही, तो पुरावा आहे.

कळावे,
सचिव, संग्रहालय समिती