डिस्चार्जनंतरचं काम

पुणे,
५ सप्टेंबर २०२३

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

रविवारी फोनवर बाबा एवढंच म्हणाले, "या वयात पुन्हा कॉलेज?" आणि फोन आईकडे दिला. आईने चिमीच्या खोकल्याचं विचारलं आणि मूळ विषय राहूनच गेला. फोनवर अशा गोष्टी धड बोलून होत नाहीत. बाबा, तुम्हाला कागदावरचं शांतपणे दोनदा वाचायची सवय आहे, म्हणून लिहितेय.

फिजिओथेरपीच्या बी.पी.टी.एच.ला माझा नंबर लागलाय. कॉलेज पुण्यातलंच आहे. चार वर्षं शिक्षण, वर सहा महिने इंटर्नशिप, आणि डिग्री नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. फी भरायची मुदत पुढच्या आठवड्यात संपते. तुम्हा दोघांना सगळं नीट सांगितल्याशिवाय ती भरायची नाही, असं मी आणि तुमच्या जावयांनी ठरवलंय.

वयाचं आधी सांगते. नीट या प्रवेश परीक्षेला पूर्वी जास्तीत जास्त पंचवीस वर्षांची अट होती, ती २०२२ मध्ये काढून टाकली. मी बारावीला बायॉलॉजी घेतलं होतं, त्यामुळे दार उघडं राहिलं. चिमी झोपली की मी बारावीचं फिजिक्स काढून बसायचे. १८० प्रश्न सोडवायचे, ७२० मार्कांची परीक्षा, चुकलेल्या उत्तराला एक मार्क वजा. परीक्षेच्या हॉलमध्ये आजूबाजूला सगळी सतरा-अठरा वर्षांची मुलं होती. कोर्स संपेल तेव्हा मी एकोणचाळीसची असेन. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं काम करता येईल, आणि ती वर्षं मला कुठल्या कामात घालवायची आहेत ते आता पक्कं कळलंय.

तुम्ही लोकांना सांगता, मुलगी इन्शुरन्समध्ये आहे. मी तिथे नेमकं काय करते, हे कधी सविस्तर बोलणं झालं नाही. दिवसभर माझ्यासमोर हॉस्पिटलच्या फायली असतात. ॲडमिट कधी झाला, ऑपरेशन कुठलं, खोलीचं भाडं किती, औषधांची बिलं जुळतात का. शेवटचा कागद डिस्चार्ज समरीचा. त्यात 'प्रकृती स्थिर' असं लिहिलेलं असतं, मी क्लेम पास करते आणि फाईल बंद होते. माणूस मात्र त्या दिवशी नुसता घरी पोहोचलेला असतो. गुडघा बदललाय पण वाकत नाही, अर्धं अंग हलत नाही, आणि घरात कुणालाच माहीत नसतं की उद्या सकाळी याला उठवायचं कसं. डिस्चार्जनंतरचा खर्च साधारण साठ दिवसांपर्यंत मिळतो, पण ॲडमिट न होता घेतलेली फिजिओथेरपी बहुतेक पॉलिसींत बसतच नाही. असे क्लेम नाकारल्याची पत्रं माझ्याच टेबलावरून जातात. नियमाप्रमाणे ते बरोबर असतं. पण ज्या टप्प्यावर माणसाला सगळ्यात जास्त हात लागतो, तिथे माझं काम संपतं, हे मला आता सहन होत नाही.

आणि आपल्या घरात तर आपण हे पाहिलंय. करोनाच्या आदल्या वर्षी आत्याला झटका आला. मिरजेत हॉस्पिटलांना तोटा नाही, उपचार वेळेवर झाले, ती वाचली. घरी आणली तेव्हा डावी बाजू पूर्ण लुळी होती. भेटायला येणारा जो तो प्रेमाने तिचा डावा हात धरून तिला उठवायला बघायचा. मग ती फिजिओथेरपिस्ट मुलगी यायला लागली. आई, तुला आठवत असेल, तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना थांबवलं. खांद्याचे स्नायू लुळे पडलेत, त्यात हात ओढला तर सांधा निसटेल, म्हणाली. मग तिने करून दाखवलं. आत्याचे गुडघे दुमडले, तिला कुशीवर वळवलं, दोन्ही पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडले आणि सांगितलं, "आता आजी, उजव्या हाताने गादी दाबा." आत्या स्वतःच्या जोरावर उठून बसली. कुणी ओढलं नाही, कुणी उचललं नाही. बाबा, तेव्हा तुम्ही दारात उभे होता. बहीण बसलेली बघून तुम्ही तोंड फिरवून अंगणात गेलात, ते मी पाहिलंय.

त्या मुलीने जाताना लुळ्या हाताखाली उशी कशी ठेवायची तेसुद्धा तुला शिकवलं होतं. आजही आत्याला वेणी घालता येत नाही, पण काठी घेऊन ती एकटी संडासला जाते. बाईमाणसाला त्याचं मोल काय असतं, ते आई तुला मी सांगायला नको.

बाबा, तुम्ही म्हणाला असाल, हे मालिशवाल्यांचं काम आहे. आपल्या गल्लीत असंच म्हणतात, मला ठाऊक आहे. तुमच्या लहानपणी पोलिओ झालेली मुलं गावोगाव होती. तुमचे रेल्वेतले मित्र पायाला आधाराचे लोखंडी कॅलिपर घालून बुकिंग ऑफिसात यायचे, ते तुम्हीच सांगायचात. अशाच मुलांसाठी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत के.ई.एम. हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, देशात पहिल्यांदा. पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. पोलिओ गेला, पण हे शास्त्र वाढतच राहिलं. करोनात आयसीयूमध्ये पेशंटला पालथं झोपवण्यात, छातीतला कफ मोकळा करण्यात हीच माणसं होती. पहिल्या वर्षाला शरीररचना आणि शरीरक्रिया आहे, मेडिकलच्या मुलांना असते तशीच. पुढे हाडं, मेंदू, हृदय, फुप्फुसं, प्रत्येकाची वेगळी फिजिओथेरपी. पास झाल्यावर राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी केल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही.

नुसतं लांबून बघून मी ठरवलेलं नाही. इथल्या एका क्लिनिकमध्ये परवानगी घेऊन मी शनिवारी बसायला जात होते. तिथे एक भाजीवाल्या मावशी यायच्या. गुडघ्याचं हाड मोडून प्लास्टर झालेलं, आणि प्लास्टर काढल्यावर पाय लाकडासारखा. मॅडमनी गोनिओमीटर लावला, म्हणजे दोन पट्ट्यांचा कोनमापकच, आणि मला म्हणाल्या, "वाच." सत्तर अंश. मावशींना अंशांशी काही देणंघेणं नव्हतं. पहाटे मार्केट यार्डला जाणाऱ्या बसची पहिली पायरी चढता आली पाहिजे, एवढंच त्या सांगत होत्या. मग मॅडमनी क्लिनिकमध्येच त्या पायरीच्या उंचीचं लाकडी ठोकळ्यांचं स्टूल रचलं. आधी बुटकं, मग हळूहळू उंच. मावशी दात-ओठ खाऊन चढायच्या, डोळ्यांत पाणी यायचं, तरी "अजून एकदा" म्हणायच्या. पुढे एका शनिवारी त्या आल्या त्या बसनेच. मॅडमनी त्यांना काही बोलून दाखवलं नाही, फक्त कार्डावर तारीख टाकली आणि पुढच्या व्यायामाला घेतलं. मला अशी बाई व्हायचंय.

आता पैशांचं. वर्षाची फी दोन लाखांच्या घरात आहे. ती माझ्या पीएफमधून आणि साठवलेल्या पैशांतून जाईल. फ्लॅटचा हप्ता यांच्या पगारातून चालू राहील, गाडी घ्यायची होती ती आता घ्यायची नाही. चिमीच्या शाळेला धक्का लागत नाही. बाबांच्या पेन्शनला आणि आईच्या पाटल्यांना हात लावायचा नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण आई, तू पाटल्यांचा विषय काढणार हे मला माहीत आहे. पास झाल्यावर सुरुवातीचा पगार आजच्यापेक्षा कमीच असेल, तेही आम्ही हिशोबात धरलंय. तुमच्या जावयांनी एका जुन्या वहीत साडेचार वर्षांचा हिशोब महिन्यावार मांडलाय, आलात की बघा.

बाबा, तुम्ही रात्रपाळ्या काढून आम्हाला शिकवलंत. पर्मनंट नोकरी म्हणजे काय, ते तुमच्याइतकं कुणाला कळणार? त्यामुळे लागलेली नोकरी मुलगी सोडतेय म्हटल्यावर तुमच्या पोटात खड्डा पडणार, हे मला समजतं. मी तुमचं म्हणणं हलकं धरत नाही. फक्त एवढं मनात घ्या की मी नोकरीला कंटाळून निघाले नाही. मला दुसऱ्या कामाची ओढ लागलीय.

आई, तुझ्याकडे एक मागणं आहे. परीक्षांच्या महिन्यात तू इकडे येशील का? चिमीला शाळेतून आणायचं तेवढं, स्वयंपाकाला बाई आहे. आत्याचं वहिनीने बघायचं कबूल केलंय, मी तिच्याशी बोलले.

आणि बाबांचा गुडघा. माझी डिग्री होईपर्यंत थांबू नका. झिजेच्या दुखण्याला मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम नुसत्या तेलापेक्षा जास्त कामाचे आहेत. आत्याकडे यायची त्याच मुलीला दाखवा, ती अजून मिरजेतच आहे.

दादा रविवारी पुण्याला येतोय. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात बाबांच्या रेल्वेच्या कागदांखाली निळी फाईल आहे. तिच्यात माझी बारावीची मार्कशीट, कॉलेज सोडल्याचा दाखला आणि डोमिसाईल आहे. प्रवेशाला मूळ कागद लागतात. बाबांना पटलं असेल तर ती फाईल दादाबरोबर द्या. पटलं नसेल तर गुरुवारी रात्री फोन करा, मी शुक्रवारची रजा टाकून येते आणि आपण समोरासमोर बसून बोलू.

चिमीचा खोकला बरा आहे. आत्याला नमस्कार सांगा.

तुमची,
मनीषा