मिरजेच्या छोट्या गाडीचे फोटो कुणाकडे आहेत का?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पेपरात छंदांबद्दल काही आलं की ते एकतर पोरांच्या उन्हाळी शिबिराचं नाहीतर रिटायर झालेल्यांचं, मधल्या आम्हा लोकांना जणू छंद नसतोच. माझा उद्यमनगरात छोटा कारखाना आहे, दिवसभर लेथ, डिस्पॅचचे फोन, महिना भरला की जीएसटी, आणि ह्या सगळ्यातून मी घरी मॉडेल रेल्वे करतोय. फळी चार फूट लांब, फूटभर रुंद, काम झालं की कपाटावर. शाहू स्टेडियमवर पेठेच्या टीमची मॅच बघायला अख्खी दुपार घातली तर कुणी काय म्हणत नाही, रुळाला सोल्डरिंग करत बसलं की मात्र 'ह्या वयात खेळणी?'. असो.

लोकांना वाटतं मॉडेल म्हणजे पुण्यात कोथरूडला जोशींचं म्युझियम आहे तसं अख्खं शहरच पाहिजे. तसलं काढलं असतं तर ह्या जन्मात झालं नसतं. म्हणून मी बार्शी लाइट धरली, कुर्डुवाडी-पंढरपूर-मिरज धावायची ती, दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली छोटी गाडी. तिथं गणित जमतं. मॉडेल 1:87 मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, खरे रूळ 762 मिलिमीटरवर, भागलं की पावणेनऊ येतात आणि 9 मिलिमीटरचा ट्रॅक तयार मिळतो. ब्रॉडगेजचे, म्हणजे मोठ्या गाडीच्या रुळांमधले, 1676 भागून बघा, एकोणीसच्या वर जातंय आणि तयार ट्रॅक साडेसोळाचा, त्यावर कोयना एक्सप्रेस उभी केली तर खालचे रूळ चिंचोळेच दिसणार. शिवाय छोट्या गाडीला वळणं आवळ चालतात. तीन सायडिंग, म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ, काढल्यात, एकीत पाच वॅगन मावतात, बाकी दोन्हीत तीन-तीन. आठ वॅगन ठेवायच्या, चिठ्ठ्या टाकून पाच काढायच्या आणि त्याच क्रमानं शंटिंग करून, म्हणजे इंजिनानं पुढं-मागं ओढून-ढकलून, लावायच्या, पोरीचा क्लास सुटेस्तोवर एक डाव होतो.

खडी मात्र चहाच्या गाळणीतून. क्रशरवरची कच चाळून घ्यायची, रुळांत ब्रशनं पसरायची, मग फेविकॉल पाण्यात पातळ करून ड्रॉपरनं थेंब थेंब सोडायचा. त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब पाहिजेच, नाहीतर पाणी वरच गोळा होऊन बसतं आणि खडीच उचलून घेतं. रात्री घातली की सकाळी कारखान्याला निघताना दगडासारखी घट्ट. ही कामं अर्ध्या तासाच्या तुकड्यात बसतात हे महत्त्वाचं, इंजिनाची बॉडी तर लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून फोन घेत घेत कापतोय.

आता खरं कामाचं. मिरजेत एकेकाळी ब्रॉड, मीटर, नॅरो तिन्ही गेज एकाच वेळी होते, पण नॅरोगेजच्या, म्हणजे ह्या छोट्या गाडीच्या, यार्डाचे फोटो शोधायला गेलं तर सगळीकडं तेच ते इंजिन समोरून. मला इंजिन नको, पाण्याची टाकी कुठल्या बाजूला होती, प्लॅटफॉर्म किती बुटका, डब्यांच्या दाराचा रंग कुठला, हे पाहिजे. कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांत असणार, आषाढीला ह्याच गाडीनं पंढरपूरला गेलेली माणसं काय कमी आहेत होय. तुम्ही वाचकांकडून मागवून अर्धं पान छापाच. मागं कोपऱ्यात नुसता डबा दिसत असला तरी चालेल, पुढं उभ्या आत्या-मामांचे चेहरे झाकून छापा पाहिजे तर.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर