बोटभर माशांच्या जिवावर

मिनिकॉय, लक्षद्वीप

प्रिय मंदार,

तुझं पत्र मागच्या बोटीने मिळालं. एवढ्याशा बेटावर लोक जगतात तरी कशावर, असं तू विचारलंयस. मासे आणि नारळ, असं एका ओळीत सांगता आलं असतं, पण ते उत्तर अर्धवट आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नकाशा उघड. कोचीच्या नैऋत्येला सुमारे 400 किलोमीटरवर आम्ही आहोत. लक्षद्वीपची बाकी सगळी बेटं उत्तरेला, मध्ये नाइन डिग्री चॅनल नावाचा समुद्राचा रुंद पट्टा. दक्षिणेला एट डिग्री चॅनल ओलांडलं की मालदीव. त्यामुळे इथली माहल बोलीही मालदीवच्या धिवेहीशी नातं सांगणारी आणि तिची थाना लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी. बेट चंद्रकोरीसारखं, सुमारे 10 किलोमीटर लांब, पण क्षेत्रफळ 5 चौरस किलोमीटरही नाही. कोरीच्या पोटात, पश्चिमेकडे, बेटाच्या सहापट मोठं लगून आहे, म्हणजे प्रवाळाच्या कडेने अडवलेलं उथळ, शांत पाणी. पायाखालची सगळी जमीन प्रवाळाची आणि त्याच्या चुऱ्याची. डोंगर नाही, ओढा नाही. समुद्रापासून उंची मीटर-दोन मीटर.

मग पाणी कुठलं? पाऊस या सच्छिद्र जमिनीत मुरतो आणि खाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. विहिरीतून जास्त उपसा केला की खालचं खारं पाणी वर येतं. 2011 मध्ये इथे समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला, रोज 1 लाख लिटरचा. त्याची युक्ती मला फार आवडते. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली आणून त्याची वाफ करायची आणि सुमारे 350 मीटर खोलीवरून ओढलेल्या थंडगार पाण्याने ती वाफ निववायची. प्रवाळाच्या कडेपलीकडे तळ एकदम खोल जातो, म्हणून किनाऱ्याजवळच एवढं थंड पाणी मिळतं.

पावसावरून आठवलं. केरळात मान्सून दाखल झाला हे ठरवताना हवामान खातं ज्या 14 केंद्रांचा पाऊस बघतं, त्यांत मिनिकॉय आहे. तुमच्याकडे ती बातमी येते तेव्हा आम्ही बहुधा भिजलेले असतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. बेट कण्णूरच्या अरक्कल घराण्याकडे होतं, पुढे ब्रिटिशांकडे गेलं. हा जहाजांचा हमरस्ता, आणि पाण्याच्या पातळीला लपलेली प्रवाळाची कड रात्री दिसत नाही. 1862 मध्ये कोलंबो नावाची आगबोट इथेच आपटून फुटली. 1885 मध्ये दक्षिण टोकाकडे दीपगृह उभं राहिलं, ते अजून चालू आहे. वर चढलं की अख्खं बेट एका नजरेत मावतं.

2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 10 हजारांच्या थोडी वर होती. वस्ती 11 गावांत, एकाला एक लागून. प्रत्येक गावाचा एक बोडुकाका, म्हणजे मुखिया, आणि बायकांची वेगळी प्रमुख. रस्ते झाडणं, होडी ओढणं, लग्नाचा स्वयंपाक, सगळं गाव मिळून करतं. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. कितीतरी पुरुष व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून महिनोन्‌महिने बाहेर असतात, त्यामुळे घरचे निर्णय बायकाच घेतात आणि ठामपणे घेतात.

आता मासेमारी. मला तुला खरं तर हेच सांगायचं होतं. टुना इथे जाळ्याने नाही, गळाने पकडतात, एकेक करून. पहाटे आधी लगूनमध्ये प्रवाळाच्या फांद्यांत लपणारे बोटभर लांबीचे मासे आमिष म्हणून जाळ्यात उचलायचे. ते जिवंत राहायला हवेत, म्हणून होडीच्या पोटातल्या कप्प्यात भोकांमधून समुद्राचं पाणी सतत खेळतं ठेवतात. मग कडेबाहेर जायचं. पक्षी पाण्यावर घोंगावताना दिसले की खाली टुनाचा थवा. एकजण मूठमूठ जिवंत मासे फेकतो, दुसरे पाण्याचे तुषार उडवतात, आणि टुना खवळून वर येतो. मागच्या फळीवर ओळीने उभे राहिलेले लोक काठ्या टाकतात. गळाला उलटा काटा नसतो. मासा लागला की काठीला हिसका, मासा डोक्यावरून मागे, हवेतच गळ सुटतो आणि तो धप्पकन फळ्यांवर आदळतो. तोवर काठी परत पाण्यात. थवा पांगला की सगळं एकदम थांबतं. नको असलेला मासा, कासव, डॉल्फिन यात जवळपास सापडतच नाही. माझ्या मते समुद्रातून अन्न घेण्याची याहून सभ्य रीत नाही. पुढे तोच मासा मिठाच्या पाण्यात उकडून, धुरी देऊन, उन्हात लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात. तो महिनोन्‌महिने टिकतो.

म्हणजे बघ, टुना मोठ्या समुद्रातला, पण तो हाती लागतो लगूनमधल्या बोटभर माशांमुळे, आणि त्यांचा आसरा म्हणजे जिवंत प्रवाळ. 1998, 2010 आणि 2016 मध्ये समुद्र तापला आणि लक्षद्वीपचा पुष्कळ प्रवाळ पांढरा पडून मेला. मेलेल्या फांद्या मोडतात आणि चिंगळ्या माशांना लपायला जागा उरत नाही. आमिष मिळालं नाही की होडी बाहेर जाऊन उपयोग नाही. शिवाय बेटासाठी लाटांचा मार खाणारी भिंतही प्रवाळाचीच. इथल्या लोकांनी हावरटपणा केलेला नाही, तरी झळ पहिली त्यांना बसतेय. याचा मला राग येतो, मंदार, आणि तो राग तुझ्यापाशी नाही तर कुणापाशी बोलू?

तू ये. बाहेरच्या माणसाला परवाना लागतो, अर्ज वेळेत कर. जहाज कोचीहून सुटतं. पावसाळ्याच्या आत ये, नंतर जहाजांचा भरवसा नसतो. समुद्र खवळलेला असेल तर जहाजातून लहान होडीत उतरावं लागतं, तेव्हा सामान पाठीवर घेता येईल एवढंच आण. पहाटे लवकर उठायची तयारी ठेव. होडीवाल्यांशी मी बोलून ठेवतो.

तुझा,
अविनाश